पाणी कुणीही घालू शकतं

वाद घालायची माझी खोड जुनी आहे. साताऱ्याच्या एमआयडीसीत मी तीस वर्षं फिटर म्हणून काढली. दर रविवारी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे आमची उपासना, झाली की पोरांचा धर्मवर्ग घेतो, आणि उरलेल्या वेळात जो तावडीत सापडेल त्याला आम्ही कॅथलिक लोक अमुक का करतो आणि तमुक का करत नाही हे समजावून सांगतो. बायको म्हणते, "तुम्हाला कुणी विचारलं नाही तरी तुम्ही उत्तर देता." ते खरं आहे. पण विचारणारेही काही कमी नाहीत. साताऱ्यात आमची घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. हिंदू शेजाऱ्यांना सगळे ख्रिश्चन सारखेच. ते नाताळचा केक खातात, करंज्या खातात, आणि खुशाल असतात. छळतात ते दुसऱ्या चर्चमधले ख्रिश्चन. त्यांच्याहून जास्त छळतात आमच्यातलेच, मिस्सेला यायचं सोडून दिलेले.

कंपनीत आमच्या शॉपमध्ये असा एकजण होता. त्याच्या चर्चमध्ये मरियेची तसबीर नाही, मेणबत्ती नाही, आणि या गोष्टीचा त्याला फार अभिमान. चहाच्या सुट्टीत पहिला घोट पोटात गेला की तो सुरू व्हायचा.

"तुमी लोकं मरियेची पूजा करता, ते बायबलात कुठं लिवलंय?"

"तुझ्या पाकिटात आईचा फोटो हाय न्हवं? त्याला आई म्हणतोस का कागद म्हणतोस?"

"मंग प्रार्थना तिला कशापाई? सरळ देवाला करा की."

"मागल्या महिन्यात तुझा पोरगा ॲडमिट हुता तवा मला म्हणलास, गड्या, माझ्या पोरासाठी प्रार्थना कर. मी काय देव हुतो व्हय? मला सांगितलेलं चालतं, आन् येशूच्या आईला सांगितलेलं चालत न्हाई?"

मग तो फादरसमोर पाप सांगण्यावर यायचा. देवाला थेट सांगता येत नाही का, म्हणायचा. मी म्हणायचो, येतं की, पण तू आजवर कितीदा सांगितलंस ते सांग. यावर बाकीचे हसायचे, तो चहाचा कप आपटायचा, आणि भोंगा व्हायचा. माझा तो दिवस चांगला जायचा. आता लाज वाटते. अशा वादात मी बहुतेक वेळा जिंकलो, पण माझं बोलणं ऐकून एकही माणूस मिस्सेला परत आल्याचं मला आठवत नाही.

हे सगळं सांगायचं कारण माझी थोरली बहीण. मी तिला आक्का म्हणतो. तिच्यापुढं मात्र माझा एकही वाद चालला नाही.

आमचे वडील नगरकडचे. नोकरीसाठी साताऱ्याला आले आणि इथलेच झाले. आम्ही दोघंच भावंडं. आई लोकांच्या घरची धुणीभांडी करायची आणि आक्का आठ वर्षांची असल्यापासून तिच्याबरोबर जायची. त्यामुळे आक्काची शाळा चौथीत सुटली, आणि रविवारचा धर्मवर्ग तर तिनं पाहिलाच नाही. रविवारी मिस्सा संपली की ती आणि आई कामाला पळायच्या, मी वर्गात बसायचो. घरातलं शिकायचं काम माझ्याकडे होतं. सिस्टर प्रश्न विचारायच्या, मी उत्तर द्यायचो, बक्षीस म्हणून संतांची चित्रं मिळायची. ती मी घरी आणून आक्काला दाखवायचो आणि ती हात पुसून बघायची. तिला मी फार हुशार वाटायचो. "आमच्या भावाला समदं पाठ हाय," ती कुणालाही सांगायची.

तिचं लग्न इस्लामपूरला झालं. दाजी साखर कारखान्यात बॉयलरवर. माणूस गरीब स्वभावाचा. इस्लामपुरात तेव्हा आमची चार-पाच घरं. महिन्यातून एकदा फादर यायचे आणि कुणाच्या तरी सोप्यात टेबलावर पांढरं कापड घालून मिस्सा व्हायची. लग्नाला सहा वर्षं झाली तरी आक्काला मूल नव्हतं. सातव्या वर्षी दिवस गेले. आणि सातव्याच महिन्यात तिला मिरजेच्या एका दवाखान्यात न्यावं लागलं.

याला सत्तावीस वर्षं झाली. मी चोवीस वर्षांचा होतो, बिनलग्नाचा, आणि आधीच दोन वर्षं धर्मवर्ग घेत होतो. रात्रपाळी करून सकाळच्या एसटीनं मी मिरजेला पोचलो. मुलगा झाला होता. हातात मावेल एवढा. काचेच्या पेटीत ठेवला होता. आक्काचं बाळंतपण सुटसुटीत झालं होतं म्हणून तिला पेटीशेजारी खुर्ची दिली होती. पेटीला गोल भोक होतं, त्यातून हात घालून ती त्याच्या पायाला बोट लावून बसली होती. दाजींना औषधं आणायला पाठवलं होतं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, काही तास बघू, पण फार आशा धरू नका.

माझ्या खांद्याला वॉटरबॅग होती. आक्कासाठी उकळून गार केलेलं पाणी.

आता जे सांगतो ते मी दरवर्षी धर्मवर्गात पोरांना शिकवत होतो, अजूनही शिकवतो. बाप्तिस्मा फादर देतात. पण जीव धोक्यात असेल आणि फादर जवळ नसतील तर कुणीही देऊ शकतं. डोक्यावर पाणी घालायचं आणि पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावानं मी तुला बाप्तिस्मा देतो असं म्हणायचं. बस. चमचाभर पाणी पुरतं. मी पोरांकडून हे तीन-तीनदा म्हणवून घ्यायचो. एकदा तर एका पोरीच्या बाहुलीला करून दाखवलं होतं.

आणि त्या दिवशी मी काय केलं? आक्काला म्हणालो, "मी फादरला घेऊन येतो," आणि पळालो.

चर्च रिक्षानं दहा मिनिटांवर. फादर एका खेड्यात मिस्सेला गेले होते. स्वयंपाकी म्हणाला, दुपारपर्यंत येतील. तेव्हा मोबाईल नव्हते. मी परत दवाखान्यात जायला हवं होतं. गेलो नाही. कंपाउंडमधल्या कडुनिंबाखाली बसून राहिलो, जपमाळ ओढत. दीड तास, दोन तास. वॉटरबॅग खांद्यालाच होती. फादर मोटारसायकलवर आले, धुळीनं माखलेले, आणि माझं अर्धं वाक्य ऐकूनच त्यांनी गाडी वळवली. आम्ही पोचलो तेव्हा नर्सनं बाळाला कापडात गुंडाळून आक्काच्या मांडीवर दिलं होतं.

फादरनी तिथं प्रार्थना केली. आक्काच्या डोक्यावर हात ठेवला. मग बाहेर व्हरांड्यात मला विचारलं, "तू पाणी घातलंस ना?"

मी मान हलवली. नाही म्हणून.

त्यांनी माझा दंड धरला, मी पडेन असं त्यांना वाटलं असावं. पुढं मी त्यांच्याकडेच पापनिवेदन केलं. त्यांनी क्षमा दिली आणि म्हणाले, "देवाकडं हे मिटलं. पण बहिणीला कधीतरी सांग." दोन वर्षांनी त्यांची बदली झाली. मी आक्काला सांगितलं नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं झालं असतं. पण हुशार माणसाला थांबता कुठं येतं! महिनाभरानं आक्का माहेरी आली होती. दुपारी तांदूळ निवडता निवडता तिनं मला विचारलं, "कुठं आसंल रं त्यो आता?"

माझ्याकडे धर्मवर्गाची एक जुनी पुस्तिका होती. पानं पिवळी पडलेली, मला शिकवणाऱ्या मास्तरांकडून आलेली. त्यात उत्तर होतं आणि मला ते पाठ होतं. मी आक्काला सांगितलं की बाप्तिस्मा न झालेली बाळं एका वेगळ्या ठिकाणी असतात. त्यांना तिथं दुःख नसतं, यातना नसतात, सुखातच असतात. फक्त त्यांना देवाचं दर्शन होत नाही.

"म्हंजे उंबऱ्याच्या भाईर," आक्का म्हणाली.

"तसंच न्हाई..."

"भाईरच की. समदी आत, आन् ह्यो येकला भाईर." तिनं सूप खाली ठेवलं. नंतर त्या विषयावर ती बोलली नाही. मिस्सेला येणं आधी कमी झालं, मग बंद झालं. तिला दुसरं मूल झालं नाही.

चार वर्षांनी एका शिबिरात मला कळलं की ती पुस्तिका केव्हाच जुनी झाली होती. ती गोष्ट चर्चची पक्की शिकवण कधीच नव्हती. जुन्या पंडितांचा तो एक तर्क होता. अशा बाळांना चर्च देवाच्या दयेवर सोपवतं आणि त्यांच्या तारणाची आशा धरतं, असं चर्चच्या शिकवणीच्या नव्या ग्रंथात स्वच्छ लिहिलं होतं, आणि मी आक्काशी बोललो त्याच्या आधीपासून लिहिलं होतं. मी वाचलं नव्हतं. शिबिरातून मी घरीसुद्धा गेलो नाही, थेट इस्लामपूर गाठलं. आक्काला सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "तवा येक सांगत हुतास, आता येक सांगतोस. आरं, त्यो सरकारी जीआर हाय व्हय? माझं लेकरू चार वर्सं भाईर हुतं, आन् आता साहेबानं सही केली म्हणून आत घ्यायचं?"

मला हसूही आलं आणि रडूही. चूक चर्चची नाही, माझी आहे, मी जुनं पुस्तक वाचलं, असं मी सांगू लागलो. पण ती चहा टाकायला उठली होती. शिवाय माझ्या कबुलीत अर्धीच चूक होती, आणि हे मला ठाऊक होतं.

यानंतर काही वर्षांनी आक्का आणि दाजी दुसऱ्या पंथाच्या, स्वतःला विश्वासी म्हणवणाऱ्या लोकांच्यात जाऊ लागले. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं एक दुकान आहे, त्याच्या माडीवर त्यांची सभा भरते. ढोलकी, कीबोर्ड, टाळ्या. त्यांचे पास्टर माणकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. पोटासाठी मुंबईला गेले, तिथं दारूत बुडाले, तिथंच कुणीतरी त्यांना सभेला नेलं आणि माणूस सावरला. त्यांच्याविषयी मला वाईट बोलायची फार इच्छा होती, पण त्यांनी कधी संधी दिली नाही. मी गेलो की ते "आवं, बसा की दादा" म्हणून स्वतः खुर्ची पुसतात.

त्यांनी आक्काला बायबलातल्या एका राजाची गोष्ट सांगितली होती. त्याचं तान्हं बाळ मरतं आणि राजा म्हणतो, ते आता माझ्याकडे येणार नाही, पण मी त्याच्याकडे जाईन. पास्टर म्हणाले, बघा ताई, राजाला खात्री होती, तुम्ही पण खात्री बाळगा, तुमचं लेकरू देवापाशीच हाय. एवढंच. गोष्ट मला पाठ होती, बायबलच्या माझ्या घरात तीन प्रती होत्या, आणि ती गोष्ट आक्काला सांगावी हे मला सुचलं नव्हतं. आक्कानं कृष्णेत उभं राहून पुन्हा बाप्तिस्मा घेतला, तेव्हा मी सहा महिने तिच्याशी बोललो नाही. एकदाच होतो बाप्तिस्मा, दुसरा नसतो, असं मी तिला पत्र लिहिलं होतं, चार पानी. बायबलातल्या जागांसकट. ते पत्र दाजींनी वाचून दाखवलं असणार, कारण तिला एवढं लांबलचक वाचायची सवय नाही.

तरी मी इतकी वर्षं तिला परत आणायचा प्रयत्न सोडला नाही. दर ईस्टरला, दर नाताळला. मरिया, पोप, जपमाळ, शुद्धीस्थान, सगळ्यांची बाजू मांडून झाली. ती "व्हय" म्हणायची आणि डब्यात चटणी भरून द्यायची. ती ज्या दारानं बाहेर गेली ते दार मला माहीत होतं, त्या दाराबद्दल मात्र मी कधी बोललो नाही.

यंदा माझ्या मुलीला मुलगी झाली. आक्काचा माझ्या मुलीवर फार जीव. लहानपणी सगळ्या सुट्ट्या तिनं इस्लामपुरातच काढल्या होत्या. नातीचा बाप्तिस्मा ठरला आणि मुलगी म्हणाली, "आत्याला तुम्ही स्वतः जाऊन सांगा. ती आली पाहिजे." मलाही तेच हवं होतं. निदान एकदा तरी आक्का चर्चच्या दारातून आत येईल, शेवटच्या बाकावर का होईना बसेल, नातीला मांडीवर घेईल. मी पेठ नाक्यावर उतरलो, वडापच्या जीपनं इस्लामपूर गाठलं. गळीत हंगाम चालू होता, सगळ्या गावाला साखर कारखान्याच्या मळीचा वास.

घरी पास्टर होते. दाजींचा गुडघा धरला होता, त्यासाठी प्रार्थना करायला आले होते. मी आमंत्रण दिलं. आक्काचा चेहरा फुलला, बाळ कुणावर गेलंय, जावळ कसं आहे, सगळं विचारून झालं. मग म्हणाली, "येवढ्या बारक्या लेकराला कशापाई रं बाप्तिस्मा? मोठी झाली की घील की तिची ती."

मी हसून विषय बदलायला हवा होता. पण पास्टर म्हणाले, "खरं हाय ताईंचं. राग मानू नका दादा, पर लेकराला काय कळतंय? इस्वास मानसानं सोता धराय पायजे न्हवं?"

झालं. माझी गाडी उताराला लागली.

"लस टोचताना लेकराला इचारता व्हय?" मी म्हणालो. "नाव ठेवताना इचारता? आईचं दूध पाजताना इचारता? ते कळायच्या आधी आपण त्याला आपलं म्हणतो. देवपण तसंच म्हणतो. आदी त्यो आपला हात धरतो, मंग आपण त्याचा."

"ह्ये ब्येस बोललासा," पास्टर मनापासून म्हणाले. "पर मंग येवढी घाई का? म्हैन्याच्या लेकराला उचलून न्यायचं. द्येव काय लेकराला टाकून देतोय व्हय?"

इथं तरी मी थांबायचं. आक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात चहाचा ट्रे. मी तिला पाहिलं होतं. पण मी पास्टरांना उत्तर देत होतो, आणि उत्तर देताना मला दुसरं काही दिसत नाही.

"घाई म्हंजे?" मी म्हणालो. "आमच्यात त्याला इतकी किंमत हाय पास्टर, की जिवावर बेतलं तर फादरचीसुद्धा वाट बघत न्हाईत. कुनीबी पाणी घालू शकतं. आई घालू शकती, बाप घालू शकतो, नर्स घालू शकती. ती नर्स ख्रिस्ती नसली तरी चालतं. चमचाभर पाणी आन्..."



"कुनीबी?" आक्कानं विचारलं.

दाजी गुडघा चोळायचे थांबले. पास्टर तिच्याकडे आणि माझ्याकडे बघू लागले. त्यांना काही माहीत नव्हतं.

"कवापासनं हाय ह्ये?" ती म्हणाली.

खोटं बोलायची ती वेळ होती. हे नवीन आहे, आत्ता आत्ता सुरू झालंय असं म्हटलं असतं तर तिनं विश्वास ठेवला असता. आमचे नियम बदलतात यावर तिचा विश्वास होताच. माझ्या तोंडात ते वाक्य आलंही. पण ज्या चर्चची मी आयुष्यभर बाजू घेतली त्याच्याबद्दल खोटं बोलायला जीभ वळली नाही. की वळली नाही ती दुसऱ्याच कशानं, कोण जाणे.

"पैल्यापासनं," मी म्हणालो.

तिनं ट्रे टेबलावर ठेवला. चहा सांडला नाही. सगळ्यांच्या हातात कप दिले, पास्टरांना बिनसाखरेचा, आठवणीनं. मग आत गेली. पास्टरांनी दाजींच्या गुडघ्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि शेवटी माझ्या नातीसाठीही केली, तिला देवानं उदंड आयुष्य द्यावं म्हणून. मी आमेन म्हणालो.

बाप्तिस्म्याला आक्का आली नाही. दाजी एकटे आले, लंगडत, पोरीसाठी साडी आणि बाळासाठी चांदीचे वाळे घेऊन. ते शेवटच्या बाकावर बसले. फादरनी नातीच्या कपाळावर पाणी घातलं तेव्हा ती किंचाळली आणि सगळे हसले.

पण आमंत्रण द्यायला गेलो त्या दिवशी इस्लामपुरातून निघताना आक्का माझ्याबरोबर स्टँडपर्यंत आली. असं ती कधी येत नाही, दारातूनच टाटा करते. स्टँडवर बाकावर बसलो. थेट साताऱ्याची एक गाडी होती, तिला वेळ होता. शेजारी उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांचा घोळका मोबाईलवर मोठ्यानं काहीतरी बघत होता.

मला वाटलं, आपणच सुरुवात करावी. मी म्हणालो, "आक्का, चर्च आता म्हणतं, आशी बाळं देवाच्या दयेवर सोपवायची. आशा धरायची."

"आशा," ती म्हणाली. "आमचं पास्टर म्हणत्यात खात्री हाय. तू सत्तावीस वर्सं आब्यास केलास, आन् मला आशाच देतोस?"

याला माझ्याकडे उत्तर आहे. आशा आणि खात्री यांत फरक का करावा लागतो, देवाच्या वतीनं माणसानं शब्द का देऊ नये, हे मी कुणालाही अर्धा तास सांगू शकतो. तिला सांगू शकलो नाही. पास्टरांचं म्हणणं खोडून काढलं तर तिच्या हातून काय काढून घेतलं जाईल ते मला दिसत होतं. पहिल्यांदाच दिसत होतं, इतक्या वर्षांत.

"तुज्यापाशी पाणी हुतं न्हवं तवा?" तिनं विचारलं.

"हुतं."

"आन् तुला ठावं हुतं."

"हुतं."

"मंग?"

सत्तावीस वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होतो. उत्तरं बरीच तयार केली होती. घाबरलो होतो, चुकेल असं वाटलं, फादरनीच करावं असं वाटलं, तरुण होतो. त्यातली सगळी थोडी थोडी खरी होती. पण स्टँडवर बसून मी तिला जे सांगितलं ते मी पापनिवेदनातही सांगितलं नव्हतं, कारण तेव्हा मला ते कळलंच नव्हतं. मी म्हणालो, "पाणी घातलं आसतं तर त्यो मरणार हे खरं झालं आसतं, आक्का. मला ते खरं व्हाय नको हुतं. मी फादरला आणाय न्हाई गेलो. मी तितनं पळून गेलो."

ती माझ्याकडे बघत होती. तिचे डोळे कोरडे होते. माझे नव्हते. ट्रॅक्टरवाल्यांपैकी एकानं माझ्याकडे बघून मोबाईलचा आवाज कमी केला.

"तू पळालास ते पळालास," ती म्हणाली. "बारका हुतास. पर मला सांगून जायचं की रं. मी हुते की तितं. माजं बोट त्याच्या पायाला हुतं. मला सांगितलं आसतंस, तर म्या घातलं आसतं."

ती आई होती, पेटीजवळ होती, आणि वॉटरबॅगेतलं पाणी तिच्यासाठीच आणलेलं होतं. मी घालायला हवं होतं, मी चुकलो, मी, मी, असं मी सत्तावीस वर्षं घोकलं. तिला सांगावं, तिच्या हातून व्हावं, हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

गाडी लागली. लोक दाराशी झोंबू लागले. आक्कानं माझी पिशवी उचलून माझ्या हातात दिली.

"चढ," ती म्हणाली. "न्हाईतर जागा मिळायची न्हाई."

मी चढलो.